चासी तीच, इंजिन वेगळे: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: डोंगराळ भागातील जुन्या फोर-व्हील जिपांना दुसऱ्या बनावटीचे इंजिन तपासणीअंती बसवू देण्याबाबत.

महोदय,

गेली चौतीस वर्षे मी कराड-पाटण रस्त्यावर वाहनदुरुस्तीचे वर्कशॉप चालवतो आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्या फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, जिपा आणि जिप्सी असतात. या गाड्यांच्या बाबतीत एकच प्रश्न वर्षानुवर्षे माझ्यासमोर येत राहिला आहे, आणि त्याचे कायद्यात बसणारे उत्तर मला माझ्या गिऱ्हाइकांना देता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी की, जुन्या जीपच्या चासीत मूळ इंजिनाऐवजी दुसऱ्या बनावटीचे इंजिन बसवायचे असेल, तर त्या एकेका गाडीची तपासणी करून परवानगी देण्याची रीत आपण केंद्र सरकारकडे आग्रहाने मागावी, आणि ती मिळेपर्यंत राज्याच्या हातात जे आहे ते सुरू करावे.

ही मागणी शर्यती खेळणाऱ्या हौशी मंडळींची आहे असा समज होऊ नये. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पाटण, जावळी आणि महाबळेश्वर हे तालुके आणि सांगली जिल्ह्यातील शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना फोर-व्हील गाडी तेथे कशासाठी लागते हे सांगावे लागत नाही. शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात लाँचने उतरल्यावर पुढची वाट अशीच गाडी कापते. वनकुसवड्याच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हापासून त्यांच्या देखभालीची माणसे आणि अवजारे जिपांतून वर जात आली आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या उतारावरील शेतांतून स्ट्रॉबेरीच्या पेट्या मुख्य रस्त्यापर्यंत आणण्याचे कामही कित्येक ठिकाणी तीस-तीस वर्षांच्या जिपाच करतात. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, तेव्हा चिखलातून आणि दगडांतून पुढे सरकू शकणाऱ्या गाडीची किंमत आम्हा सर्वांना कळली. काससारख्या फुलांच्या सड्यांवर गाड्या घालणाऱ्यांना माझा कोणताही पाठिंबा नाही आणि त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी असेच माझे मत आहे. हे पत्र ज्यांच्या घरची गाडी हे रोजीरोटीचे साधन आहे त्यांच्या वतीने आहे.

आता इंजिनच का बदलावे लागते, ते सांगतो. या गाड्यांची चासी शिडीसारखी असते. दोन बाजूंना जाड पोलादी दांड्या, मध्ये आडवे पट्टे, खाली पाटे आणि दोन्ही टोकांना हौजिंग, म्हणजे चाके फिरवणारे दाते ज्यात असतात तो आस. अशी चासी गंजापासून जपली तर पन्नास वर्षेही टिकते, तडा गेला तर वेल्डिंग करून आणि पट्टी मारून सरळ करता येते. इंजिनाचे तसे नसते. स्वातंत्र्यानंतर विलीज जिपा मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या, त्यांत २१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन असे. पुढे त्याच घराण्याच्या गाड्यांत प्युजोच्या परवान्यावर बनलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले, आणि त्यानंतर २५२३ सीसीचे थेट इंधन फवारणारे डिझेल इंजिन. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीत आधी ९७० सीसीचे आणि १९९६ पासून १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन होते, आणि आता जिप्सीच बनत नाही. यांतील जुन्या इंजिनांचे काही सुटे भाग मूळ दर्जाचे मिळतच नाहीत. बोअर दोनदा मारून, म्हणजे झिजलेले सिलिंडर दोनदा कोरून, झालेला ब्लॉक तिसऱ्यांदा किती मारणार? हेड तडकले की भंगार बाजारात दुसरे शोधायचे, आणि तेही तितकेच थकलेले मिळते. अशा वेळी मालकापुढे दोन वाटा उरतात: धडधाकट चासी, हौजिंग आणि बॉडी असलेली गाडी भंगारात घालावी, किंवा सहज मिळणारे, कमी धूर करणारे, नव्या बनावटीचे इंजिन तिच्यात बसवावे. नवी फोर-व्हील गाडी घेण्याइतका पैसा ज्याच्याकडे आहे तो माझ्या वर्कशॉपमध्ये या प्रश्नासाठी येतच नाही.

ही मागणी नवी नाही, हेही नमूद केले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ जेव्हा झाला तेव्हा त्याच्या ५२ व्या कलमाचे मूळ रूप असे होते की, नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार करण्यापूर्वी मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि त्याची मान्यता घ्यावी. मी वर्कशॉप सुरू केले तो हाच काळ. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची कामे तेव्हा उघडपणे होत. मालक अर्ज करी, गाडी पासिंगला जाई, निरीक्षक इंजिन क्रमांक आणि इंधन तपासून आरसी बुकावर नोंद घेत. त्या काळातील आरसी बुकांवरील अशा नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत. २००० सालच्या दुरुस्तीने कलमाची भाषा बदलली आणि उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफारच करू नये, असे झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका अपिलावर निर्णय देताना त्या भाषेचा अर्थ निःसंदिग्धपणे तसाच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ या कलमात अशा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. न्यायालयाचा निर्णय मला मान्य आहे. कायद्याची भाषा जशी आहे तशीच ती न्यायालयाने वाचली. माझे म्हणणे कायदा करणाऱ्यांपुढे आणि तो राबवणाऱ्यांपुढे आहे.

कारण या बंदीने इंजिने बदलणे थांबलेले नाही. थांबली ती तपासणी. पूर्वी जे काम दिवसाढवळ्या होऊन निरीक्षकाच्या नजरेखालून जात होते, ते आता शटर खाली ओढून होते आणि कोणाच्याच नजरेखालून जात नाही. यातून काय होते याचे एक उदाहरण देतो. सहा वर्षांपूर्वी एक जिप्सी टोईंग करून माझ्याकडे आणली गेली. तिच्यात दुसऱ्या कोणत्या तरी वर्कशॉपने एका छोट्या मोटारीचे डिझेल इंजिन बसवले होते. काम दिसायला नेटके होते, वेल्डिंगसुद्धा चांगले होते. कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे उतरताना पाच माणसांसह तिचे ब्रेक दगडासारखे घट्ट झाले. चालकाने शहाणपण करून गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराच्या कडेला घासत थांबवली. त्याचे मनगट मोडले आणि मागच्या बाकावरील एकाच्या डोक्याला आठ टाके पडले.

मी बोनेट उघडले आणि दहा मिनिटांत कारण सापडले. पेट्रोल इंजिनात हवा आत घेणाऱ्या नळीत थ्रॉटलमुळे निर्वात तयार होतो आणि त्या निर्वातावरच ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेल इंजिनात असा निर्वात तयार होत नाही, म्हणून डिझेल गाडीत वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. या विशिष्ट इंजिनात तो पंप अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला जोडलेला होता. जिप्सीच्या चासीच्या दांडीला अल्टरनेटर अडत होता, म्हणून मेकॅनिकने तो काढून दुसरा लहान अल्टरनेटर बसवला आणि त्याबरोबर पंपही गेला. गावातल्या सपाट रस्त्यावर मालकाला ब्रेक ‘थोडा जड’ वाटत होता, इतकेच. उतारावर भरल्या गाडीत तो जडपणा जिवावर बेतला. गाडीच्या आरसी बुकात इंधन पेट्रोल आणि आत इंजिन डिझेलचे, त्यामुळे मालकाला विमा कंपनीकडे दावा करण्याचे धैर्य झाले नाही आणि पीयूसी केंद्रावरही ती गाडी कधी गेली नव्हती. त्या दिवशी समोरून दुचाकीवर कोणी येत असते, तर त्याच्या घरच्यांना भरपाईसाठी किती वर्षे कोर्टात फेऱ्या माराव्या लागल्या असत्या, याचा विचार करून मला आजही झोप येत नाही. एका प्रशिक्षित मोटार वाहन निरीक्षकाने पाच मिनिटे ब्रेक दाबून पाहिले असते तरी ही गाडी रस्त्यावर आली नसती.

महोदय, इंजिन बदलण्यात धोके आहेत हे मी नाकारत नाही. उलट ते कोणते आहेत आणि ते कसे मोजता येतात हे आपल्या कार्यालयापुढे सविस्तर ठेवावे, म्हणूनच पुढील मजकूर लिहीत आहे.

पहिला प्रश्न इंजिनाच्या मागे असलेल्या जोडणीचा. इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तेथून ती पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये आणि तेथून दोन्ही शाफ्टांनी पुढच्या व मागच्या हौजिंगमध्ये जाते. यांतील प्रत्येक भाग मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, धरून बनवलेला असतो. जुन्या पेट्रोल जीपचे उदाहरण घेतो. तिच्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.७९८ आणि ट्रान्सफर केसच्या लो गिअरचे २.४६, म्हणजे शाफ्टवर येणारा टॉर्क साधारण १०६७ न्यूटन-मीटर. आता याच गिअरबॉक्सपुढे २०१० च्या थारमधील २४९८ सीसीचे कॉमन रेल इंजिन लावले, ज्याचा टॉर्क २४७ न्यूटन-मीटर आहे, तर तोच आकडा १७०० वर जातो. चिखलात एक चाक अडकले आणि चालकाने क्लच झटकन सोडला की आधी शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटतो, तो तुटला नाही तर हौजिंगमधला दात मोडतो. म्हणून मोठे इंजिन बसवायचे असेल तर त्याच्याच घराण्याचा गिअरबॉक्स आणि तेवढा टॉर्क पेलणारे हौजिंगही घ्यावे लागते, आणि हे दोन्ही घेतले आहे की नाही हे गाडीखाली दिवा घेऊन झोपलेल्या माणसाला सहज दिसते.

जिप्सीत हे काम तुलनेने सोपे आहे, कारण तिचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे दोन स्वतंत्र भाग असून मध्ये आखूड शाफ्ट असतो. त्यामुळे नव्या इंजिनाबरोबर त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स आणून केवळ तो आखूड शाफ्ट लेथवर कमीजास्त करून घेता येतो. जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टने आवळलेला असल्यामुळे मध्ये अॅडॉप्टर प्लेट बनवावी लागते, आणि या प्लेटमध्येच बहुतेक मेकॅनिक चुकतात. क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांचा मध्य केसाएवढा जरी हुकला, तरी पायलट बेअरिंग काही महिन्यांत खाल्ले जाते आणि क्लच थरथरू लागतो. प्लेट बसवल्यावर डायल गेज लावून हा मध्य तपासता येतो. आमच्याकडे तो प्रत्येक गाडीवर तपासला जातो आणि आकडा वहीत लिहिला जातो. शाफ्टच्या कोनाचेही असेच आहे. इंजिन थोडे उंच बसले की मागच्या शाफ्टचा कोन वाढतो, मग गाडी विशिष्ट वेगाला हलू लागते आणि क्रॉस लवकर झिजतात.

दुसरी गोष्ट हौजिंगच्या गुणोत्तराची. तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण माझ्या मते तो या कामाचा प्राण आहे. जुन्या जीपचे हौजिंग ५.३८ चे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ५.३८ फेरे. सोळा इंची चाकांवर ताशी ८० किलोमीटरने जाताना थेट गिअरमध्ये तिचे इंजिन मिनिटाला सुमारे ३१०० फेरे घेते. पेट्रोल इंजिनाला हे चालते. जे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांत ताकद देण्यासाठीच घडवले आहे, त्याच्यासाठी मात्र हा वेग त्याच्या मर्यादेच्या काठावरचा असतो. महामार्गावर ते सतत ओरडत राहते, तापते आणि लवकर संपते. इंजिनाच्या स्वभावाशी हौजिंग जुळवले नाही तर चांगले इंजिनही वाईट गाडी देते.

तिसरी गोष्ट वजनाची आणि उष्णतेची. डिझेल इंजिन जड असते. ते पुढे बसले की पुढचे पाटे दबतात, ब्रेक लावताना सगळा भार पुढे येतो आणि मागची चाके हलकी पडून घसरतात. म्हणून पुढचे पाटे बदलून, गाडीचे पुढचे आणि मागचे वजन वेगवेगळे काट्यावर करून घेतले पाहिजे. ऊसाच्या या मुलखात वजनकाटा शोधायला लांब जावे लागत नाही. रेडिएटर जुनाच ठेवला तर गाडी सपाटीवर थंड राहते आणि घाटात उकळते. मी स्वतः प्रत्येक काम संपल्यावर गाडी भरून यवतेश्वरच्या घाटाने दोनदा वर नेतो आणि पाण्याचे तापमान लिहून ठेवतो. इंधनाची परतीची नळी, सायलेन्सर आणि स्टिअरिंगच्या दांडीतील अंतर, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) आणि पुढच्या हौजिंगमधील मोकळी जागा या गोष्टी लहान दिसतात. परंतु पाटे पूर्ण दबल्यावर हौजिंग चेंबरवर आदळून तेल सांडलेल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत. नव्या इंजिनांत संगणक, सेन्सर आणि वायरिंग हार्नेसची भर पडली आहे. त्यात हात घालण्याचे शिक्षण ज्याला नाही त्याने ते काम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुद्दा असा की यातील एकही धोका अदृश्य नाही. प्रत्येक धोक्याला मोजण्याचे साधन आहे, आणि तीन-चार तासांत एका गाडीची पुरती तपासणी होऊ शकते.

इंजिन बदलण्याची कल्पना आपल्या कायद्याला परकी आहे असेही म्हणता येणार नाही. ५२ व्या कलमातच इंधनाचा किंवा ऊर्जेचा प्रकार बदलण्यासाठी मंजूर किट बसवण्यास मुभा आहे. सीएनजीच्या नियमांत चालत्या गाडीतील डिझेल इंजिन काढून त्या जागी सीएनजी इंजिन बसवण्याची तरतूद आहे, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने साडेतीन टनांच्या आतील बीएस-६ गाड्यांसाठीही तशी वाट खुली केली. विजेवर चालणारे किट जुन्या गाडीत बसवण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, त्यात तर अख्खे इंजिनच बाहेर काढले जाते. दहा किंवा अधिक परिवहन वाहने असलेल्या मालकाला त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन पूर्वमान्यतेशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. मग एकच गाडी असलेल्या, तीही डोंगरातल्या शेतकऱ्याला तपासणी करून घेऊनही परवानगी मिळू नये, हे मला न्याय्य वाटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने फेरफार आणि रेट्रोफिटिंगच्या अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे दिला आहे. म्हणजे दार आहे. ते ठोठावण्यासाठी राज्याचा आवाज लागतो.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला आहे ते थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये अलीकडेपर्यंत फेरफार केलेल्या गाडीला गुण देऊन मूळ ओळख ठेवता येईल की नाही हे ठरवत: चासीला पाच गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला केवळ एक, आठ गुण मूळ भागांचे भरले की गाडीचा जुना नोंदणी क्रमांक कायम राही. गाडीची ओळख चासीत असते, इंजिनात नसते, हे त्या पद्धतीने मान्य केले आहे. ऑस्ट्रेलियात मान्यताप्राप्त अभियंता प्रत्येक गाडी तपासून स्वतःच्या सहीने प्रमाणपत्र देतो. कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम अतिशय कडक आहेत, तरी तेथेही इंजिन बदलता येते. अट एवढीच की नवे इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे आणि त्याची प्रदूषण नियंत्रणाची सर्व सामग्री त्याच्याबरोबर बसवलेली असावी. ही शेवटची अट आपण जशीच्या तशी घ्यावी अशी माझी शिफारस आहे, कारण प्रदूषणाच्या आक्षेपाचे तिच्यात पूर्ण उत्तर आहे. तीस वर्षांच्या धुराड्याच्या जागी बीएस-४ चे इंजिन त्याच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह बसले, तर पाटणच्या बाजारपेठेतली हवा बिघडणार नाही, सुधारेल.

दुसरा आक्षेप चोरीच्या इंजिनांचा घेतला जातो आणि तो गंभीर आहे. त्यावर उपाय असा की, ज्या गाडीतून इंजिन काढले तिची नोंदणी ५५ व्या कलमाखाली रद्द झाल्याचा दाखला अर्जासोबत जोडल्याशिवाय अर्जच घेऊ नये. भंगार बाजारातून बिनकागदाचे ‘हाफ इंजिन’ उचलून आणणाऱ्याला या योजनेत जागा नसावी. या एका अटीमुळे चोरीच्या इंजिनांचा धंदा जितका आटेल, तितका आजच्या सरसकट बंदीने आटलेला नाही, कारण आज जो गुपचूप इंजिन बसवतो त्याला कागदाची गरजच पडत नाही.

माझ्या कल्पनेतील रीत अशी आहे. मालकाने कामाला हात घालण्यापूर्वी अर्ज करावा; त्यात इंजिनाची बनावट, क्षमता, टॉर्क, वजन, सोबतचा गिअरबॉक्स, हौजिंगचे गुणोत्तर आणि ब्रेकची व्यवस्था लिहिलेली असावी. मूळ इंजिनाच्या ताकदीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक ताकदीचे इंजिन असेल तर हौजिंग आणि ब्रेक बदलणे सक्तीचे असावे. चासीची लांबी, तिच्या दांड्या आणि चासी क्रमांक यांना कोणीही हात लावू नये. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चासीवर टेकवण्याचे, नवे ब्रॅकेट बोल्टने बसवावे, चासीला भोके पाडायची असतील तर ती नकाशात दाखवावीत. काम झाल्यावर ब्रेकची चाचणी, वजन, धुराची चाचणी आणि घाटातील भरल्या गाडीची चाचणी व्हावी. ज्या वर्कशॉपने काम केले त्याचा परवाना क्रमांक इंजिनाशेजारी पट्टीवर कोरलेला असावा, म्हणजे उद्या काही घडले तर जबाबदारी कोणाची हे शोधत बसावे लागणार नाही. माझ्या व्यवसायातील काही बांधवांना ही अट जाचक वाटेल याची मला कल्पना आहे. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते.

या तपासणीसाठी यंत्रणा कोठून आणावी, असा प्रश्न आपल्याला पडेल. देशातील मान्यताप्राप्त वाहन चाचणी संस्थांपैकी पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या तीन आपल्याच राज्यात आहेत, आणि साताऱ्याहून पुणे अडीच तासांवर आहे. त्यांच्या चाचण्यांचा खर्च मोठ्या उत्पादकांना परवडतो, एका गाडीच्या मालकाला परवडत नाही. म्हणून एका गाडीसाठीची सोपी, कमी खर्चाची चाचणीपद्धत त्यांच्याकडून आखून घ्यावी आणि प्रत्यक्ष तपासणी जिल्ह्यात व्हावी. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे, सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून. देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी २००७ पासून ‘बाजा’ स्पर्धेसाठी स्वतः पाइपांचा सांगाडा बांधून, सर्वांना सारखेच मिळणारे इंजिन त्यात बसवून, त्या गाड्या खाचखळग्यांतून पळवत आले आहेत, आणि त्या गाड्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी काटेकोर तांत्रिक तपासणीतून जातात. वीस वर्षांच्या मुलांनी बांधलेल्या गाड्या ज्या शिस्तीने तपासता येतात, त्याच शिस्तीने आमच्या जिपा तपासता येतील. ज्या जिल्ह्यांत किर्लोस्करवाडीसारखी उद्योगनगरी १९१० साली माळरानावर उभी राहिली आणि ज्यांच्या गावोगावी ऑइल इंजिन खोलून बांधणारे हात तयार झाले, तेथे कसबी माणसांची वाण नाही.

केंद्राचे नियम बदलेपर्यंत राज्याला दोन गोष्टी करता येतील. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बदलण्याची प्रकरणे कायद्यात बसतात, तरीही ती महिनोन्‌महिने रेंगाळतात आणि मालक कंटाळून नोंद न करताच गाडी चालवतो. अशा अर्जांसाठी ठरावीक मुदत घालून द्यावी. दुसरे म्हणजे, मोटार वाहन निरीक्षकांच्या प्रशिक्षणात बदललेले इंजिन कसे ओळखावे आणि त्यातील ब्रेक, शाफ्ट व इंधनाच्या नळ्या कशा तपासाव्यात याचा दोन दिवसांचा भाग घालावा. त्यासाठी लागेल तो वेळ मी आणि माझे दोन फिटर विनामूल्य द्यायला तयार आहोत. ज्यांच्या गाड्यांत आधीच इंजिन बदललेले आहे त्यांचे काय करावे, हा नाजूक विषय आहे. मला वाटते, केंद्राकडे शिफारस करताना अशा मालकांना वर्षभराची मुदत मागावी. जो स्वतः होऊन गाडी तपासणीला आणील त्याला शिक्षा न करता दोष दुरुस्त करायला लावावेत, आणि मुदतीनंतर जो सापडेल त्याची गय करू नये. अशा गाड्यांपैकी किती गाड्यांत व्हॅक्यूम पंप नाही हे आज कोणालाही ठाऊक नाही, आणि त्या रोज घाट उतरत आहेत.

शेवटी एका गाडीविषयी. माझ्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये १९९८ ची एक जिप्सी उभी आहे. तिचा मालक ढेबेवाडी खोऱ्यातला शेतकरी आहे. तिच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला, आणि तिच्यासाठी त्याने नोंदणी रद्द झालेल्या एका बलेनो मोटारीचे १५९० सीसीचे पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससह, सर्व कागदपत्रांनिशी आणले आहे. इंधन तेच, कंपनी तीच, ब्लॉकचे घराणेही तेच. प्रकार मात्र निराळा, म्हणून कायद्यात बसत नाही. त्याला हे काम करून देण्यास मी चौदा महिन्यांपूर्वी नकार दिला. या इंजिनाची ताकद मी वर सुचवलेल्या वीस टक्क्यांच्या मर्यादेत आहे की नाही यात मूळ इंजिन आठ व्हॉल्व्हचे धरायचे की सोळा व्हॉल्व्हचे एवढाच वाद आहे, आणि तो टाळण्यासाठी पुढचे ब्रेक बदलण्याचीही मालकाची तयारी आहे. फाउंडेशनचे नकाशे काढून तयार आहेत, आखूड शाफ्टचे माप घेतलेले आहे, गाडीचे पुढचे-मागचे वजन इंजिनासह आणि इंजिनाविना वहीत लिहिलेले आहे. आपल्या विभागाला या रीतीची प्रायोगिक तपासणी करून पाहायची असेल, तर हीच गाडी घ्यावी. आपल्या निरीक्षकांनी पहिल्या बोल्टपासून शेवटच्या चाचणीपर्यंत समोर उभे राहावे, आणि काम पसंत पडले नाही तर मी माझ्या खर्चाने इंजिन उतरवून देईन. तोपर्यंत ती गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि मालकाचा शेतमाल भाड्याच्या गाडीने कराडला येतो आहे.

आपला विश्वासू,
एक वर्कशॉपचालक,
कराड, जि. सातारा